विरजणाचा भोपळा

गोष्टीतला मेंढपाळ लांडग्याला मेंढरू समजून आत घेतो, तेव्हा निदान अंधार तरी असतो. मी हे भर सकाळी केलं, चष्मा लावून केलं, आणि वर त्या लांडग्यांच्या तब्येतीचं कौतुकही केलं.

आमच्या धंद्यातलं मेंढरू म्हणजे पिठ्या ढेकूण. द्राक्षाच्या वेलीला चिकटून रस शोषणारा, अंगावर पीठ उधळल्यासारखा पांढरा, महाआळशी किडा. लांडगा म्हणजे त्याला खाणारा ढालकिडा: मिऱ्याच्या दाण्याएवढा, काळा, तांबड्या डोक्याचा. बागायतदार हे ढालकिडे आमच्या संघाकडून डब्यांतून नेतात आणि वेलींवर सोडतात. ते पिठ्याचा फडशा पाडतात, फवारणी वाचते. पण ढालकिडे वाढवायचे तर त्यांना रोज ताटात पिठ्याच लागतो. म्हणजे ज्याच्या मुळावर उठायचं, त्यालाच आधी लाडाकोडात वाढवायचं. एका खोलीत लाल भोपळ्यांवर पिठ्या. दुसऱ्या खोलीत त्याला खाणारे. दोन्हींच्या मधे एक बोळ आणि दोन दारं. आणि त्या बोळात, एकोणीस वर्षं, माझी आत्या.

आत्या नववी शिकलेली. मी बी.एस्सी. त्यामुळे ती मला नावाने हाक मारत नाही, 'पदवीधर' म्हणते. कामचुकार जावयाला लोक ज्या सुरात 'जावईबापू' म्हणतात, त्या सुरात.

पहिल्याच दिवशी तिने मला बोळात उभं केलं. "नीट ऐक, पदवीधर. सकाळी आधी खाद्याची खोली, मग खाणाऱ्यांची. एकदा खाणाऱ्यांकडे पाय टाकलास की त्या दिवसापुरता तू लांडग्यांचा माणूस. परत मेंढरांत यायचं नाही."

"आणि काही राहिलं तर?"

"उद्या."

"आणि आग लागली तर?"

"आग लागली तरी उद्या."

खाद्याच्या खोलीला खिडकी नाही. एक मिणमिणता दिवा, भिंतीला लागून लोखंडी मांडण्या, मांडण्यांचे पाय पाण्याच्या वाट्यांत, कारण मुंगीला पिठ्याचा वास लागला की ती कुटुंबासकट येते. फळ्यांवर साठ भोपळे, काळ्या कापडाखाली, शहाण्या मुलांसारखे झोपलेले. हवा कायम दमट आणि कोमट, कुणीतरी नुकताच श्वास सोडल्यासारखी. खाणाऱ्यांच्या खोलीला मात्र रस्त्याच्या बाजूने एक बंद काच आहे. कोषातून बाहेर पडलेला ढालकिडा उजेडाकडे धावतो आणि काचेला चिकटतो. आत्या रबरी नळीचं टोक तोंडात धरून, हळूच श्वास ओढून, एकेकाला बाटलीत घेते. नळीला मधे जाळी असते, नाहीतर नाश्ताच व्हायचा. रस्त्यावरून जाताना मी कितीदा पाहिलंय: काचेवर ढालकिडे, काचेमागे आत्या, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे.

किड्यांना रविवार कळत नाही. एक दिवस खायला घातलं नाही तर ढालकिडे स्वतःचीच अंडी खातात. म्हणून एकोणीस वर्षांत आत्याने गाव सोडलेलं नव्हतं. माझ्या बाबांचं ऑपरेशन झालं तेव्हा ती दवाखान्यात तास-दीड तास बसली. बाबा शुद्धीवर आल्यावर त्यांना पहिलं दिसलं ते बहिणीचं मनगट. ती घड्याळ बघत होती.

आतोबा नऊ तासांच्या अंतरावर, एका बंदरात क्रेन दुरुस्त करायचे. महिन्यातून दोन दिवस यायचे, त्यातला एक झोपण्यात जायचा. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, पण राहिले तिथेच. तिथे त्यांच्या दोन खोल्या आहेत, आणि एक गॅलरी, जिच्यातून पाणी दिसतं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. आतोबांच्या हिशेबाने संसार जेमतेम पावणेदोन वर्षांचा. दुपारी एकला त्यांचा फोन यायचा. आत्याच्या हाताला चिकट असायचं, म्हणून ती फोन खोक्यावर ठेवून स्पीकर लावायची.

"काय म्हणतायत तुझे भोपळे?"

"बरे आहेत. तुम्ही जेवलात?"

"जेवलो. एकटाच. भोपळा असतो तर कुणीतरी शेजारी बसलं असतं."

तर आत्याला तिकडे जायचं होतं. तिने संघाला लिहूनही दिलं होतं: भाचा तयार झाला की मी मोकळी. माझ्याआधी दोघे तयार होता होता पळाले होते. आता तिची सुटका म्हणजे मी. हे माझ्यासारख्याच्या खांद्यावर ठेवायचं ओझं नव्हे, हे तिला कळायला हवं होतं. पण तिला दुसरा भाचा नव्हता.

शेवटी तिने परीक्षा ठरवली. "महिनाभर मी खाद्याच्या खोलीत पाऊल टाकणार नाही. मेंढरं तुझी. महिन्याने येऊन बघेन. ठीक असेल तर पिशवी भरते."

तिसऱ्या दिवशी मी सकाळचं काम उरकून खाणाऱ्यांच्या खोलीत तिच्या मदतीला गेलो. ती डबे द्यायला फाटकाशी गेली होती. ढालकिडे मोजायला घेतले आणि लक्षात आलं, चष्मा खाद्याच्या खोलीत राहिला. आग लागलेली नव्हती, नुसता चष्मा होता. गेलो, घेतला, मांडणीला टेकून काचा पुसल्या, आलो. दोन मिनिटं. माझ्या कॉलरवर किती प्रवासी बसले होते ते त्यांनाच ठाऊक.

आता इथे निसर्गाने केलेला चावटपणा सांगायला हवा. ढालकिड्याचं पोर, म्हणजे अळी, हुबेहूब पिठ्यासारखी दिसते. तशीच पांढरी, तशीच पिठाळ, फक्त अंगाने भरलेली आणि झुलपं लांब. मेंढराचं कातडं पांघरूनच जन्माला येते. ओळखायची खूण एकच. आत्याने दहादा सांगितली होती: "हळूच फुंकर मार. पिठ्या जागचा हलत नाही. लांडग्याचं पोर पळतं."

तिसऱ्या आठवड्यात मला कोपऱ्यातल्या भोपळ्यावर काही विलक्षण पिठ्या दिसले. गुबगुबीत, केसाळ, शिवाय चपळ. मला वाटलं, माझ्या देखरेखीत तब्येती सुधारल्या. फुंकर आठवली नाही असं नाही. पण आपल्याच घरात लांडगा आहे का, हे घरातला माणूस रोज उठून बघत नाही. मी आत्याला म्हणालोसुद्धा, "मेंढरं बघायला हवी होतीस. काय अंग धरलंय!"

"मालिश करतोस की काय?" ती म्हणाली.

जवळजवळ तेच करत होतो. ही उत्तम जात एकाच भोपळ्यावर का राहावी, असा शास्त्रीय विचार करून मी तीन दिवस बसलो आणि बारीक ब्रशाने एकेकाला उचलून साठही भोपळ्यांवर वाटून आलो.

महिना भरला. आत्या आत आली, कापड उचललं, टॉर्च मारला. भोपळा स्वच्छ. दुसरा स्वच्छ. तिसरा तर चकाकत होता. बाजारात मांडला असता तर हातोहात गेला असता. तिने चौथा हातात घेतला आणि फुंकर मारली. देठाजवळचे पांढरे ठिपके पळत सुटले.

"पदवीधर, ही कोण पळाली?"

मी चष्मा पुसायला काढला.

"आणि साठ भोपळ्यांवर पोचली कशी? महिन्यात इतकी पायपीट करत नाहीत ती."

मी चष्म्यापासून ब्रशापर्यंत सगळं सांगितलं. ती उपड्या खोक्यावर बसली.

"म्हणजे चालून नाही आली. तू नेऊन सोडलीस."

"हो."

"ब्रशाने."

"हो."

"नाजूक हाताने."

"हो."

ती हसायला लागली. इतकी हसली की ठसका लागला. मग टॉर्च बंद करून म्हणाली, "आतोबांना तू काही बोलू नकोस. मी सांगते." तीन दिवस एकला फोन वाजला, तीन दिवस तिने 'बरे आहेत भोपळे' एवढंच सांगितलं.

बागेतले पिठ्या आणून चालत नाही. त्यांच्या पोटात आधीच दुसऱ्या कुणा किड्याने अंडं घातलंय का, कळत नाही. उरलेसुरले ढालकिडे उपाशी मरण्यापेक्षा बरं, म्हणून आम्ही बागांत सोडून दिले. दोन्ही खोल्या रिकाम्या झाल्या. संघाच्या साहेबांनी आम्हाला बोलावलं. मी बोलणी खायच्या तयारीने गेलो, आणि साहेब चक्क गोड बोलले.

"बाई, मनाला लावून घेऊ नका. ढालकिडे हल्ली बाहेर तयार मिळतात. त्या खोल्यांत आपण खताच्या गोण्या ठेवू. तुम्ही तर जाणारच होतात. उद्यापासून मोकळ्या."

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्या दोन खोल्यांत कुणाला खायला घालायचं नव्हतं. दुपारची गाडी मिळाली असती. माझ्या गाढवपणाने आत्या सुटली, असं मनातल्या मनात म्हणून मी स्वतःची पाठ थोपटायच्या बेतात होतो.

"हंगामाला किती अवकाश आहे, साहेब?" आत्याने विचारलं.

"साडेचार महिने असतील."

"मला चार द्या."

बाहेर आल्यावर मी तिला जवळजवळ ओरडलोच. "आत्या, दार सताड उघडं होतं!"

"हो ना. आणि तू काय करणार होतास? गोण्या मोजणार? तुझा बाप जन्मभर सांगत फिरला असता, बहिणीने पोराला नोकरी लावली आणि ती किड्यांनी खाल्ली." थोडं चालून मग म्हणाली, "आणि मला कुणी विचारलं, बाई एकोणीस वर्षं काय केलंत, तर मी खत दाखवू?"

आता विरजण हवं होतं. दही संपलं की शेजारी वाटी घेऊन जातात, तसं आम्हाला कुणाकडून तरी पिठ्या लागलेला एक निरोगी भोपळा आणायचा होता. शंभर मैलांत तो एकाच माणसाकडे होता, आणि त्याच्याशी आत्याचं बोलणं बंद होतं. गावाबाहेर फुलवाल्यांची जाळीघरं आहेत. तिथे एक म्हातारा किडे वाढवतो. सगळे त्याला जाळीवाले म्हणतात. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या खोलीत मुंग्या शिरल्या, तेव्हा तो आत्याकडे एक भोपळा मागायला आला होता. 'आमचा संघ बाहेर देत नाही,' असं सांगून आत्याने त्याला फाटकातून परत पाठवलं होतं. त्याला पुन्हा उभं राहायला दीड वर्ष लागलं.

आम्ही गेलो तेव्हा तो दारातच बसला होता.

"या बाई. रस्ता सापडायला अकरा वर्षं लागली?"

"रस्ता ठाऊक होता. तोंड नव्हतं."

"काय झालं? मुंग्या?"

आत्याने माझ्याकडे बोट केलं. "हा."

म्हाताऱ्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "मुंगी मोठी आहे."

"विरजणापुरता एक द्या, जाळीवाले. एकच."

त्याने टोमणा मारला असता तर आत्याला सोपं गेलं असतं. तो उठून आत गेला आणि कापडात गुंडाळलेला भोपळा दोन्ही हातांवर तोलत घेऊन आला. "पैशाचं नाव काढू नका. भोपळ्याला भोपळा. पण तो तुमच्या हातचा हवा. ह्या मुंगीच्या नाही."

"कधीपर्यंत?"

"मी थांबायला शिकलोय, बाई."

बसमधे आत्याने तो मांडीवर धरला होता. शेजारच्या बाईने विचारलं, "भाजीचा का हो?" आत्या म्हणाली, "नाही. पाहुणा आहे."

एकाचे चार झाले, चाराचे अठरा, अठराचे साठ. ह्या वेळी ब्रश आत्याच्या हातात आणि फुंकर माझ्या तोंडात. रोज सकाळी साठ भोपळ्यांना मी फुंकर मारायचो. संध्याकाळी घरी चहावरही आपोआप मारली जायची. तीन महिन्यांत खोली भरली. साहेबांनी ढालकिड्यांची एक बाटली बाहेरून मागवून दिली आणि डबे छापायला टाकले. आता फक्त एकाला एक परत करायचा होता, आणि आत्या सुटणार होती.

तिने एक भोपळा निवडला. त्याच्यापुढे फळीवर खडूने लिहिलं: 'जा'. दुसऱ्या दिवशी पुसलं.

"का गं?"

"देठ बारीक आहे."

दुसरा निवडला. त्याच्यावर पिठ्या एकाच बाजूला दाट होता. तिसरा मला तरी राजासारखा वाटत होता. "हा दिला तर म्हातारा म्हणेल, परत दिला पण जिवावर आल्यासारखा." चौथाही पुसला. खडूची धूळ फळीवर साचायला लागली.

एकला फोन. "अगं, एक भोपळा द्यायला किती दिवस लागतात?"

"देणं ठेवून येऊ का?"

"मग देऊन ये."

"तेवढा चांगला नाही निघाला अजून."

पलीकडे ताट सरकवल्याचा आवाज आला. मग आतोबा म्हणाले, "मी आहे ना तेवढा चांगला? सहज विचारलं."

आत्याने चिकट हातानेच फोन उचलला आणि बोळात जाऊन दार लावून घेतलं.

हंगाम तोंडावर आला. कोष फुटू लागले, काच काळी दिसू लागली, आणि आत्या पुन्हा नळी तोंडात धरून रस्त्याकडे बघत उभी राहू लागली. आधी ती माझ्यासाठी थांबली होती, मग खोलीसाठी, आता देठासाठी. देठ जाड निघाला असता तर तिने साल बघितलं असतं. मी चेष्टेत म्हणालो, "आत्या, तू भोपळ्याला स्थळ बघतेयस." ती हसली नाही.

मग एक सकाळ. मी खाद्याच्या खोलीत, दुसऱ्या मांडणीशी. बोळाच्या दारातून आत्या आली. पांढऱ्या कोटाच्या डाव्या खांद्यावर एक ठिपका: काळा, तांबड्या डोक्याचा, गॅलरीत बसल्यासारखा निवांत.

"थांब. पाय आत टाकू नकोस."

"काय रे?"

"तू खाणाऱ्यांकडून आलीस."

"छे. मी आत्ताच येतेय."

"खांद्यावर बघ."

तिने मान वळवली. ढालकिड्याला झटकलं नाही; बोट पुढे केलं, तो बोटावर चढला. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"आग लागली तरी उद्या," मी म्हणालो. आत्याला मी आजवर साधं 'नको' म्हटलेलं नव्हतं.

मी आतलं दार लावलं. दाराला पंज्याएवढी काच आहे. तिच्यामागे तिचा चेहरा आहे हे पाठीला कळत होतं, म्हणून मी वळलो नाही. एका ओळीला फुंकर मारली, दुसऱ्या, तिसऱ्या. कुणी पळालं नाही. तासाभराने पाहिलं तर काच रिकामी होती.

ती अंगणातल्या पायरीवर बसली होती. दिवसाउजेडी आत्याला रिकाम्या हातांनी बसलेलं मी पहिल्यांदा बघत होतो. हात कुठे ठेवावेत हे तिलाही कळत नव्हतं.

"सोडून आले त्याला त्याच्या घरी," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय? तू आत घेईनास."

ती चूक होती की दुसरी परीक्षा, मी विचारलं नाही. बाबा म्हणतात, तिची चूक होणं शक्य नाही. आतोबा म्हणतात, वय झालं, डोळे गेले, बरं झालं.

मंगळवारच्या गाडीने ती गेली. दोन पिशव्या. खिडकीतून म्हणाली, "तिसऱ्या ओळीत, डावीकडून दुसरा. आठ दिवसांत भरेल. जाळीवाल्यांना नेऊन दे."

"त्यांना तुझ्या हातचा हवाय."

"माझ्याच हातचा आहे. तू नुसता पोचवतोयस. आणि गाढवा, आधी फुंकर मार."

ह्याला आता अडीच महिने झाले. पहिल्या आठवड्यात हंगामाची गर्दी, निघता आलं नाही. दुसऱ्यात भोपळा एका बाजूला जरा विरळ वाटला; म्हटलं, भरू दे. सहाव्या आठवड्यात तो खालून मऊ पडला आणि एका सकाळी बसला. आत्याच्या हातचा शेवटचा तो. त्याच्यावरचे पिठ्या मी वेळेत दुसऱ्यावर चढवले, तेव्हा वंश तोच आहे. पण हात माझा. जाळीवाल्यांना हे सांगून भोपळा द्यायचा की न सांगता, ह्यावर माझा विचार चालू आहे. मधे ते बाजारात भेटले. नुसतं विचारलं, "काय मुंगी, बरी आहेस?"

रविवारी माझ्या मित्राचं लग्न होतं. अर्धा तास जाऊन आलो.

आता एकला फोन मला येतो. हात चिकट असतात, म्हणून खोक्यावर ठेवून स्पीकर लावतो. पलीकडे जहाजाचा भोंगा ऐकू येतो, आणि आतोबांचं जेवताना बोलणं.

"दिलास का रे, पदवीधर?"

"देतो."

"काय अडलंय?"

"देठ बारीक आहे, आत्या."

मागून आतोबांनी विचारलं, "काय म्हणतोय?" आणि तिने फोन ठेवला.

तिसऱ्या ओळीतल्या एका भोपळ्यापुढे मी काल खडूने 'जा' लिहिलं होतं. आज सकाळी पुसलं.